सकाळ-दुपारच्या पट्ट्या

आमचा संसार वीस मिनिटांचा होता असं मी म्हणते तेव्हा लोक हसतात. हसू देत. शाळेचं सकाळचं अधिवेशन सव्वाबाराला सुटायचं आणि दुपारचं बारा पस्तीसला भरायचं. मधली वीस मिनिटं आमची. बाकीच्या वेळात आम्ही दहिसरला नदीच्या अंगाच्या चाळीत राहत होतो, दीड खोलीत सासू, सासरे, आमची लेक आणि आम्ही दोघं. तिथं रेशन, पाण्याची पिंपं, रॉकेलची रांग, सासऱ्यांचा खोकला हे सगळं होतं. बोलणं नव्हतं. कुठं बोलणार? पलीकडच्या खोलीतल्या बाईला आमच्या भाजीत मीठ किती पडलं तेसुद्धा कळायचं.

मी सकाळच्या अधिवेशनात गणित शिकवायचे आणि नवरा दुपारच्या अधिवेशनात चित्रकला. शाळा बोरिवलीची, मराठी माध्यमाची. खोल्या कमी आणि मुलं फार, म्हणून एकाच इमारतीत सकाळी एक शाळा भरे आणि दुपारी दुसरी. दोन्हीकडे पाचवी ते दहावी. मुख्याध्यापक एकच, पण पर्यवेक्षक वेगळे, शिक्षक वेगळे, मस्टर वेगळं. दोन्ही बाजूंचा एकमेकांशी संबंध म्हणजे ‘सकाळवाल्यांनी डस्टर कुठं ठेवला’ आणि ‘दुपारवाले फळा पुसून जात नाहीत’ एवढाच. लेक झाल्यावर आम्ही मुद्दाम अशी उलटसुलट अधिवेशनं मागून घेतली. शिक्षक जोडप्यांची ही ठरलेली रीत होती. मूल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं, मध्ये पाळणाघर लागत नाही. सासूबाईंना सासऱ्यांचं दुखणंच पुरेसं होतं.

तो सव्वाबाराला लेकीला कडेवर आणि डबा हातात घेऊन यायचा. मागच्या जिन्याखाली एक बाक होता, एका पायाखाली वीट लावलेला. त्यावर आम्ही बसायचो. पहाटे मीच केलेल्या पोळ्या मी तिथं खायचे. तो त्यांना चपात्या म्हणायचा, कारण तो मालवणकडचा आणि मी मुलुंडच्या तीन पिढ्यांच्या कारकुनांच्या घरातली. डब्यात दोन माझ्या, दोन त्याच्या. घरी सासूबाईंसमोर मी त्याला ‘अहो’ म्हणायचे, मान खाली घालून, शहाण्या सुनेसारखी. बाकावर ‘तू’. लग्नाआधी याच शाळेत आम्ही एकमेकांना तू म्हणत होतो आणि ते तू त्या बाकावर शिल्लक राहिलं होतं. वर्गातल्या गमती, मुख्याध्यापकांची नक्कल, पुढच्या महिन्याची काळजी, एकमेकांवरचे राग, सगळं वीस मिनिटांत उरकायचं. घंटा झाली की तो वर जायचा आणि मी लेकीला घेऊन बसच्या रांगेत. मला वाटायचं, अजून दोन-चार वर्षांत मोठी जागा घेऊ, मग निवांत बोलू. निवांतपणाला आम्ही फार मान देत होतो तेव्हा.

नवऱ्याचं एक काम शाळेत प्रसिद्ध होतं. दरवर्षी स्नेहसंमेलनाला तो निकालाचे दोन मोठे तक्ते रंगवायचा. सकाळच्या अधिवेशनाचा निकाल म्हणजे माडांची रांग. ज्या इयत्तेचा निकाल जास्त तिचा माड उंच. दुपारच्या अधिवेशनाचा निकाल म्हणजे खाडीतल्या होड्या. ज्या इयत्तेचा निकाल जास्त तिचं शीड उंच. सकाळचा तक्ता सभागृहाच्या एका भिंतीवर, दुपारचा समोरच्या. मी गणिताची बाई. मला हे अजिबात पटायचं नाही. दोन्हींना एक मोजपट्टी नाही, खाली आडवी रेघ नाही, म्हणजे कोण किती उंच हे कळणार कसं? मी तसं म्हटलं की तो हसायचा. ‘माडाशी होडी कोण मोजतो गं? बघायची आणि घरी जायचं.’

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारच्या कुठल्याशा योजनेतून शाळेला दोन संगणक मिळाले. प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली रिकामी झाली. शिपायानं यंत्रांना झेंडूचे हार घातले, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, आणि त्या खोलीत चपला घालून जायची बंदी झाली. देवघरातही आम्ही इतके सोवळ्यात नसू. गणिताची म्हणून मला अंधेरीला एका तंत्रनिकेतनात प्रशिक्षणाला धाडलं. शिकवणारा मुलगा इंग्रजीतून भराभर बोलायचा, पण फळ्यावरच्या ओळी मला गणिताच्या रीतीसारख्याच वाटल्या. एक स्वल्पविराम चुकला तर यंत्र हटून बसतं आणि पुढे सरकत नाही, हा त्याचा स्वभाव मला आवडला. माझाही तसाच आहे, असं घरचे म्हणतात.

यंत्र एका टीव्हीला जोडलेलं होतं. लिहिलेला प्रोग्राम कॅसेटवर साठवायचा. परत हवा असला की टेपरेकॉर्डर लावायचा आणि ती कर्कश किरकिर संपेपर्यंत कानात बोटं घालून बसायचं. नवरा एकदा येऊन ऐकून गेला. ‘गाण्याला चाल नाही तुझ्या,’ म्हणाला.

त्या वर्षी दिवाळीनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. स्नेहसंमेलनाला संस्थेचे विश्वस्त येणार होते आणि शाळेकडे संगणक आहे हे त्यांना दिसायला हवं होतं. ‘बाई, निकालाचा आलेख काढा यंत्रावर. दोन्ही अधिवेशनं एकाच पडद्यावर. रंगीत.’ मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. शाळेत तोवर कुणी माझ्याकडे पेपर तपासण्यापलीकडचं काही मागितलं नव्हतं.

दोन्ही पर्यवेक्षकांकडून मागच्या वार्षिक परीक्षेची कोष्टकं आणली. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, प्रत्येकाच्या कागदावर सहा इयत्ता आणि सहा आकडे, शेकडा किती पास ते. प्रोग्रामच्या शेवटी ‘डेटा’ असं लिहून पुढे आकडे घालायचे आणि यंत्र ते एकामागून एक वाचत जायचं. आधी सकाळचे सहा वाचून घेतले, मग दुपारचे सहा. मग प्रत्येक इयत्तेसाठी एक फेरा: आडव्या रेघेवर जागा ठरवायची आणि तिथून आकड्याइतकी उंच पट्टी रंगवायची. वाटलं एका ऑफ तासात होईल.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पडद्यावर आधी सकाळच्या पट्ट्या उभ्या राहिल्या आणि मग दुपारच्या नेमक्या त्यांच्यावरच येऊन बसल्या. मी दोघींना एकच जागा दिली होती. सकाळ बिचारी मागं दडली आणि दुपारच्या डोक्यावरून कुठंकुठं तिचं फक्त कपाळ दिसू लागलं. मग लक्षात आलं की दुपारच्या पट्टीला एका पट्टीच्या रुंदीइतकं उजवीकडे सरकवायला हवं, आणि जोडी पुरी झाली की पुढच्या इयत्तेआधी थोडी मोकळी जागा सोडायला हवी. जोडीत फट ठेवायची नाही, जोड्यांमध्ये ठेवायची. आता वाचताना हे बाळबोध वाटतं, पण कागदावर चौकटी आखून, पट्ट्या कापून, सरकवून बघितल्या तेव्हा ते मला सुचलं. लेकीच्या खेळण्यात त्या पट्ट्या पुढे वर्षभर सापडत होत्या.

दुसऱ्या दिवशी जोड्या नीट उभ्या राहिल्या आणि मी नवऱ्याला बोलावून दाखवल्या. तो दारात चपला काढून आत आला, कडेवर लेक. बघत राहिला आणि म्हणाला, ‘अरे वा. दहावीला दुपार पुढे?’

खरंच पुढे होती. नुसती पुढे नाही, चांगली वीतभर. डाव्या बाजूला सकाळ उंच आणि उजव्या बाजूला दुपार. मला संशय आला. कोष्टकं काढून शेजारी ठेवली तेव्हा घोळ कळला. सकाळचे पर्यवेक्षक पाचवीपासून दहावीपर्यंत लिहीत. दुपारचे गृहस्थ जुन्या वळणाचे, मोठ्या वर्गाचा मान आधी म्हणून दहावीपासून खाली पाचवीपर्यंत. मी दोन्ही तशीच उतरवली होती. त्यामुळे सकाळच्या दहावीशेजारी दुपारची पाचवी उभी होती, आणि पाचवीत तर सगळेच पास होतात.

‘राहू दे ना अशीच,’ तो म्हणाला. ‘झकास दिसतेय.’

‘अशी कशी राहू दे? चूक आहे ती.’

‘चूक आहे ते मला कळलं गं. झकास दिसतेय एवढंच म्हटलं.’

मी बसल्या जागी दुरुस्त केलं. नुसता क्रम उलटा केला नाही. मला अशी ठिगळं आवडत नाहीत. प्रत्येक आकड्यापुढे त्याची इयत्ता लिहिली आणि यंत्रानं आधी इयत्तेशी इयत्ता जुळवायची, मगच जोडी उभी करायची, असं केलं. आता कुणी कोष्टक कसंही आणून द्यावं, चित्र बरोबरच येणार. पुन्हा चालवलं. सहाच्या सहा जोड्यांत सकाळ उंच आणि दुपार बुटकी, पाचवीपासून दहावीपर्यंत, पायरीनं उतरत. लेकीनं पडद्याला बोट लावलं आणि मी तिच्यावर ओरडले.

दुपार खाली का, हे शाळेत शिपायालाही ठाऊक होतं. पाचवीच्या प्रवेशाला एक छोटी परीक्षा असे. वरची मुलं सकाळी जायची आणि उरलेली दुपारी, अशी वर्षानुवर्षांची वाटणी. गोराईची मुलं खाडी ओलांडून होडीनं यायची. सातच्या घंटेला ती पोचणं शक्य नव्हतं, म्हणून हुशार असोत की नसोत, सगळी दुपारी. आमच्या चाळीसारख्या चाळींतली कोकणातली मुलं गणपतीला गावी गेली की पंधरा दिवस फिरकायची नाहीत आणि आल्या आल्या सहामाही. अशा मुलांना दुपारवाले दहावीपर्यंत नेत होते. एवढी कथा पट्टीत कुठं घालणार? पट्टीला फक्त उंची असते.

मी प्रयत्न केला. प्रवेश परीक्षेचं तिसरं कोष्टक मिळवलं आणि प्रत्येक जोडीत तिसरी बारीक पट्टी घालून बघितली: मूल आलं तेव्हा कुठं होतं आणि आता कुठं आहे. त्यात दुपारची चढण सकाळपेक्षा मोठी दिसत होती. उड्या मारत मुख्याध्यापकांकडे गेले. ते आले, त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, हे समजायला मला पाच मिनिटं लागली. पाहुण्यांना दोन रंग पुरेत.’ मी वाद घातला. त्यांनी घड्याळ बघितलं. तिसरी पट्टी काढावी लागली.

बाकावर मी धुसफुसत होते तर नवरा मलाच समजावू लागला. ‘जाऊ दे गं. चहा पितील, टाळ्या वाजवतील आणि जातील. दरवर्षी तेच.’ उलट त्यानं रंग ठरवून दिले. त्या टीव्हीवर निळा आणि हिरवा सारखेच दिसतात, म्हणून सकाळ लाल आणि दुपार पिवळी. शिक्षकखोलीत तो भेटेल त्याला सांगत सुटला होता की माझ्या बायकोनं यंत्राकडून चित्र काढून घेतलं. त्या वर्षी त्याला मात्र तक्ते रंगवायला कुणी सांगितलं नाही. संगणक होता ना. पोस्टर रंगांच्या बाटल्या कपाटात तशाच राहिल्या आणि त्याबद्दल तो बाकावरही बोलला नाही. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा संमेलन होऊन गेलं होतं.

संमेलनाला दोन टेबलांवर टीव्ही चढवला. मागच्या पालकांना काही दिसत नव्हतं, पण एकेक पट्टी खालून वर रंगत गेली तशा पुढच्यांनी टाळ्या वाजवल्या. विश्वस्तांमधले एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी ‘पुन्हा दाखवा’ म्हटलं. मी पुन्हा दाखवलं. त्यांच्यासोबतच्या माणसानं पडद्याचा फोटो घेतला. ‘हे बघा, किती सरळ आहे,’ ते शेजारच्यांना म्हणाले, आणि मला वाटलं ते माझ्या आलेखाला म्हणतायत. ‘लाल-पिवळं शेजारी शेजारी आलं की सांगावं लागत नाही.’ मला शाल आणि श्रीफळ मिळालं. शाल सासूबाईंनी ठेवून घेतली.

एप्रिलमध्ये कळलं. दुपारचं अधिवेशन बंद. निकाल समाधानकारक नसल्यामुळे दुपारचे वर्ग सकाळमध्ये सामावून घ्यायचे, आणि दुपारी त्याच खोल्यांत संस्था इंग्रजी माध्यमाची शाळा सुरू करणार. संस्थेला इंग्रजी शाळा काढायची होती हे दोन वर्षांपासून कुजबुजत होतं, पण खोल्या नव्हत्या. खोल्या मागायला निमित्त लागतं. दुपारचं अधिवेशन बंद करायच्या प्रस्तावाला पडद्याचा तो फोटो जोडला होता. शिक्षक फार चिडले, सभा झाली, निवेदनं झाली, आणि आमच्यातल्याच दोघा-तिघांनी गुपचूप इंग्रजी शाळेत आपल्या मुलांचे अर्ज भरले.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले ती दार न वाजवता. राग माझ्या नाकावरच असतो, त्या दिवशी तो सगळ्या तोंडावर पसरला असणार. प्रवेश परीक्षा, गोराईची होडी, गणपती, तिसरी पट्टी, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यालाही वरून सांगितलं गेलं होतं.

‘बाई, आकडे तुम्हीच जुळवलेत. त्यात एक तरी चूक दाखवा, मी वर जातो घेऊन.’

चूक नव्हती. हीच तर गोची होती. चूक असती तर एका ओळीत दुरुस्त करून मी पुन्हा चालवलं असतं. आजवर मी तो प्रोग्राम मनात शंभरदा चालवला असेन. तो दर वेळी बरोबर येतो. मला त्यातली एकही ओळ बदलावीशी वाटत नाही, आणि तरीही तो लिहिला गेला नसता तर बरं झालं असतं असं वाटतं. ज्यांची तुलना करायची कुणाला गरज नव्हती, त्यांना फट न ठेवता शेजारी उभं केलं की माणसं उंचीच मोजणार. नवऱ्याच्या दोन भिंतींतलं शहाणपण मला तेव्हा कळलं, पण भिंतीवर तेव्हा काहीच नव्हतं.

‘सरप्लस’ हा शब्द शिक्षकांच्या घरात मराठीच धरला जातो. लहान पोरांनाही अर्थ माहीत असतो. अधिवेशन बंद पडलं की जे शिक्षक जास्तीचे ठरतात ते सरप्लस, आणि त्यांना सरकार जिथं जागा असेल तिथं पाठवतं. एकत्र झालेल्या शाळेत चित्रकलेचा एकच शिक्षक लागणार होता आणि सकाळचे सर नवऱ्यापेक्षा जुने. त्याला देवनारची शाळा मिळाली. नकाशावर बघावं तर मुंबईची दोन टोकं. देवनार म्हटलं की लोक कत्तलखाना आणि कचऱ्याचा डोंगर एवढंच सांगत.

शेवटच्या दिवशी बाकावर तो नेहमीसारखाच होता. लेकीला पोळीचा तुकडा भरवत होता. मी म्हटलं, ‘मी तो आलेख काढलाच नसता तर...’ त्यानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. ‘तू नाही तर दुसऱ्या कोणी काढला असता. आणि भिकार काढला असता.’ मी रडले. घंटा झाली आणि तो वर गेला, दुपारच्या पोरांना शेवटचं चित्र काढायला सांगायला. मुलांनी काय काढलं ते विचारायचं राहिलं. जूनमध्ये त्या जिन्याखाली इंग्रजी शाळेच्या पोरांची घसरगुंडी आली आणि बाक कुठं गेला कोण जाणे.

मग आमचं नवीन वेळापत्रक सुरू झालं. मी सव्वासहाला बाहेर, तो साडेआठला. मधल्या वेळात लेकीला सासूबाईच बघायच्या, नाइलाजानं. मी दुपारी घरी, तो अंधार पडल्यावर. दोन बस आणि मध्ये गाडी. आला की हातपाय धुऊन, जेवून आडवा व्हायचा. आमच्यात भांडण झालं नाही. ते झालं असतं तरी बरं, निदान बोललो असतो. दीड खोलीत सगळ्यांसमोर ‘अहो, भाजी वाढू का’ आणि ‘नको, पुरे’ एवढं शिल्लक राहिलं. बाकावरचं तू घरात आणायला मला जमलं नाही, आणि पुढं मोठी जागा घेतली तोवर सवय मोडली होती.

त्या काळात एक गोष्ट मला फार झोंबायची. त्याच्या डब्यातून रोज एक पोळी परत यायची. मी तीन द्यायचे, एक परत. वाटलं जास्त होत असतील, म्हणून दोन दिल्या. तरी एक परत. देवनारपर्यंतचा प्रवास करून माणूस एका पोळीवर राहतो? सासूबाई डबा घासायला घेताना मला ऐकू जाईल असं म्हणायच्या, ‘चपाती परत इली बघ गो. काय घातलंस तरी काय भाजीत?’ मी त्याला विचारलं तर म्हणाला, ‘भूक नसते.’ चार वेळा विचारलं, चार वेळा तेच.

मग मी माझा अर्थ लावला. मला वाटलं, तो तोंडानं बोलत नाही पण विसरलेला नाही. माझ्या आलेखानं त्याला तिकडं पाठवलं आणि माझी पोळी तो परत पाठवतोय, रोज, न चुकता. मोजून उत्तर द्यायची ही तर माझी पद्धत, ती त्यानं उचलली. मीही काय कमी आहे? पुन्हा तीन द्यायला लागले. येईल ती परत येऊ दे. अन्न टाकायचं नाही असं माहेरचं वळण, म्हणून ती शिळी पोळी मी पहाटे चहात बुडवून खायचे आणि तरातरा बससाठी निघायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. सासरे गेले, सासूबाई गेल्या, लेक शिकून परगावी नोकरीला लागली, मी निवृत्त झाले, मग तोही झाला. देवनारच्या मुलांनी त्याला निरोपाला एक मोठं चित्र दिलं, सगळ्यांनी मिळून रंगवलेलं, त्यात होड्याच होड्या. ते आमच्या हॉलमध्ये आहे.

आता आम्ही दिवसभर समोरासमोर असतो. निवांत. बोलायला काही नसतं. तो पेपर वाचतो, मी पेपरमधली कोडी सोडवते. गेल्या महिन्यात दुपारचं जेवायला बसलो होतो. मी त्याच्या ताटात तीन पोळ्या वाढल्या, त्यानं दोन खाल्ल्या आणि तिसरी ताटाच्या कडेला सरकवून ठेवली. माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं सगळं बाहेर आलं, आणि बाहेर आलं ते तू होऊनच.

‘अजून राग आहे तुझा?’

‘कसला?’ तो खरोखरच गोंधळला होता.

‘पोळीचा. रोज एक परत आणायचास ती. आलेखाचा राग पोळीवर काढलास ना जन्मभर.’

त्यानं ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘वेडी आहेस काय? देवनारला तिसरा तास मी ऑफ मागून घेतलेला. टाइमटेबल करणाऱ्याला दरवर्षी मस्का लावायला लागायचा. सव्वाबाराला डबा उघडून बसायचो. माझ्या खायचो आणि तुझी एक ठेवायचो.’

‘माझी?’

‘मग कुणाची? बाकावर तूच खायचीस ना. तिकडं एकट्यानं दोघांच्याही खाव्यात असं वाटायचं नाही.’ तो परत जेवू लागला. भात कालवता कालवता म्हणाला, ‘आणि तू खायचीसच की. पहाटे, चहात बुडवून. मी जागा असायचो गं. मला वाटलं तुला कळलंय.’

मला कळलं नव्हतं. इतकी वर्षं मी ती रागानं खाल्ली होती.